पुस्तक डिलीट झालेलं नाही, फक्त सापडत नाहीये! स्वयंप्रकाशित लेखक आणि एलजीबीटीक्यू लायब्रऱ्यांची गोष्ट

मागच्या वर्षी माझ्या कॉलेजच्या एका मित्राने मराठीत छोटा कथासंग्रह ई-बुक म्हणून काढला. सात कथा, त्यातल्या तीन कथांचे नायक समलिंगी. प्रकाशकाच्या मागे न लागता त्याने सगळं स्वतःच केलं. टायपिंग फोनवर, कव्हरही फोनवर, आणि अपलोड एका सेल्फ-पब्लिशिंग प्लॅटफॉर्मवर. नाव मात्र टोपणनाव, कारण घरी अजून सांगितलेलं नाही.

पहिला आठवडा बरा गेला, बारा-तेरा प्रती विकल्या गेल्या. मग एका रात्री त्याचा मेसेज आला, ‘अरे, लिंक उघडली की पुस्तक दिसतंय, पण सर्चमध्ये नाव टाकलं की काहीच येत नाही. डिलीट केलं का यांनी?’

मी एका ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीत सर्चचं काम करतो, त्यामुळे शंका लगेच आली. त्याला विचारलं, ‘अपलोड करताना कुठल्या चौकटीत टिक केलं होतंस?’ तो म्हणाला, ‘प्रौढांसाठी वाली. गे आहे ना कथा, मग करावीच लागेल असं वाटलं.’

त्या कथांमध्ये दोन मुलं लोकलमध्ये एकमेकांचा हात धरतात. तेवढंच! पण अशी कथा म्हणजे ‘अ‍ॅडल्ट’ हे त्याला कुणी सांगायची गरजच पडली नव्हती, ते त्याच्या डोक्यात आधीपासून बसलेलं होतं. ती टिक काढायला त्याला सपोर्टशी तीन आठवडे ईमेल-ईमेल खेळावं लागलं.

हे फक्त माझ्या मित्राचं झालं असतं तर मी लेख लिहिला नसता. पण गेल्या पंधरा-सोळा वर्षांत हेच मोठ्या प्रमाणावर पुन्हा पुन्हा झालंय, आणि त्यातूनच एका जुन्या गोष्टीचं महत्त्व नव्याने कळतं. ती जुनी गोष्ट म्हणजे लायब्ररी.

आधी समजून घेऊ: ‘गायब’ म्हणजे नेमकं काय?

आपल्याला वाटतं की सर्चमध्ये नाव टाकलं की ॲप सगळ्या पुस्तकांमधून शोधतं. प्रत्यक्षात ते इंडेक्समध्ये शोधतं. इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची, फक्त खूप मोठी. तुमचं पुस्तक सर्व्हरवर व्यवस्थित असलं तरी सूचीत नसेल, तर वाचकासाठी ते नाहीच.

शिवाय प्रत्येक पुस्तकाची डेटाबेसमध्ये एक ओळ असते. त्यात नाव, लेखक, भाषा, किंमत, विषय असे रकाने असतात. याला मेटाडेटा म्हणतात. त्यातच एखादा रकाना ‘प्रौढांसाठी: हो / नाही’ असा असतो. सर्चचा कोड साधारण असं म्हणतो: ‘सगळी पुस्तकं दाखव, पण या रकान्यात हो असेल तर वगळ.’ एवढ्या एका अटीवर हजारो पुस्तकं एका सेकंदात दिसेनाशी होतात. कुणी ती वाचलेली नसतात, कुणी बंदी घातलेली नसते, आणि लेखकाला नोटीस जाईलच असंही नाही.

म्हणून आमच्या क्षेत्रात डिलीट आणि डी-इंडेक्स हे दोन वेगळे शब्द आहेत. डिलीट झालं तर निदान कळतं तरी.

२००९: ५७,३१० पुस्तकं आणि एक चुकलेला रकाना

एप्रिल २००९. मार्क प्रॉब्स्ट नावाच्या अमेरिकन लेखकाच्या लक्षात आलं की अ‍ॅमेझॉनवर त्याच्या ‘द फिली’ या कादंबरीचा सेल्स रँक दिसत नाहीये. ही किशोरवयीन वाचकांसाठीची गे प्रेमकथा त्याने स्वतःच प्रकाशित केली होती. कंपनीला विचारल्यावर उत्तर आलं की ‘अ‍ॅडल्ट’ मजकूर काही सर्च आणि बेस्टसेलर याद्यांमधून वगळला जातो. प्रॉब्स्टने हे ब्लॉगवर लिहिलं, आणि ईस्टरच्या सुट्टीत ट्विटरवर प्रचंड गदारोळ झाला. जेम्स बाल्डविनसारख्या मोठ्या लेखकाच्या ‘जिओव्हानीज रूम’चाही रँक गेलेला होता.

कंपनीने मग ही कॅटलॉगिंगमधली लाजिरवाणी चूक असल्याचं मान्य केलं आणि ५७,३१० पुस्तकांवर परिणाम झाल्याचं सांगितलं. त्यात आरोग्य आणि लैंगिक वैद्यक या विषयांचीही पुस्तकं होती. चूक दुरुस्त झाली.

माझ्यासारख्या इंजिनिअरला यात दोन गोष्टी दिसतात. एक, हा कट असायची गरजच नाही. कुठल्यातरी यादीत ‘गे’ आणि ‘इरॉटिका’ हे विषय एकाच खणात पडले की झालं. दोन, हे कुणाच्या लक्षात आलं? स्वतःच्या पुस्तकाचा रँक रोज बघणाऱ्या स्वयंप्रकाशित लेखकाच्या! त्याच्या पाठीशी प्रकाशकाची सेल्स टीम नव्हती. तो स्वतःच टीम होता.

२०२५: या वेळी दबाव पैशाच्या नळावरून आला

जुलै २०२५ मध्ये इच डॉट आयओ या साईटने सगळा प्रौढ म्हणून नोंदवलेला मजकूर सर्च आणि ब्राउझमधून काढून टाकला. ही साईट गेमसाठी प्रसिद्ध असली, तरी तिथे स्वतंत्र लेखक-चित्रकार आपली पुस्तकं, कॉमिक्स आणि झाइन्सही विकतात. क्वीअर निर्मात्यांची तिथे मोठी वस्ती आहे.

कारण सरकारी आदेश नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या ‘कलेक्टिव्ह शाऊट’ या गटाने काही हिंसक लैंगिक गेम्सविरोधात पेमेंट कंपन्यांकडे मोहीम चालवली होती. पेमेंट कंपन्यांनी साईटकडे विचारणा केली. पेमेंट बंद झालं तर पूर्ण साईटच बंद पडेल, म्हणून साईटने घाईत सरसकट पडदा टाकला. लैंगिकता आणि लिंगभाव यांबद्दलची, हिंसेशी काहीही संबंध नसलेली कामंही त्यात सापडल्याच्या तक्रारी निर्मात्यांनी केल्या. महिनाअखेरीस विनामूल्य असलेली कामं पुन्हा इंडेक्समध्ये आणायला सुरुवात झाली, पण विकत असलेल्या कामांचा प्रश्न लोंबकळत राहिला. म्हणजे ज्यातून लेखकाचं भाडं निघतं, तेच अडकलं.

यात बोचणारी गोष्ट ही की अशा वेळी ज्यांनी प्रामाणिकपणे टॅग लावलेला असतो, तेच आधी सापडतात. माझ्या मित्रासारखेच.

मग लायब्ररी वेगळं काय करते?

दुकानाचा सर्च हा दुकानाच्या सोयीसाठी असतो. त्यात काही चूक नाही, मी स्वतः त्याचाच पगार घेतो. पण लायब्ररीत एक पायरी अशी असते जी दुकानात नसते. कुणीतरी माणूस पुस्तक हातात घेतो आणि ठरवतो की हे आपल्याकडे असलं पाहिजे. एकदा ठरवलं की ते पुस्तक विक्री, रँक किंवा पेमेंट कंपनीच्या मूडवर अवलंबून राहत नाही.

अमेरिकेत समुदायाने चालवलेल्या अशा लायब्रऱ्या अनेक दशकांपासून आहेत. मिनेसोटातली क्वाट्रफॉइल लायब्ररी १९८६ मध्ये सुरू झाली. तिची सुरुवात एका जोडप्याच्या घरातल्या पुस्तकांपासून झाली, नाव १९५० च्या एका गे कादंबरीवरून ठेवलं, आणि ती स्वयंसेवक चालवतात.

नव्या पद्धतीचं उदाहरण म्हणजे क्वीअर लिबरेशन लायब्ररी. ती ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिला इमारत नाही, ती पूर्णपणे डिजिटल आहे. अमेरिकेत राहणाऱ्यांना सदस्यत्व मोफत मिळतं, आणि पुस्तकं लिबी या ॲपवर वाचता येतात. तुमचं कुणी तिकडे एमएस करत असेल तर त्यालाही ती वापरता येईल.

ही लायब्ररी तेव्हाच का सुरू झाली? आकडे बघा. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये ४,२४० वेगवेगळ्या पुस्तकांवर आक्षेप घेतले गेले. तोवरचा हा उच्चांक होता. त्यातली ४७ टक्के पुस्तकं एलजीबीटीक्यू किंवा गौरेतर माणसांबद्दलची होती. म्हणजे दुकानात टॅगचा धोका आणि गावच्या सरकारी लायब्ररीत आक्षेपाचा धोका. मधल्या मध्ये वाचकाने जायचं कुठे? तिथे समुदायाची लायब्ररी उभी राहते.

गोपनीयता: फोन कुणाच्या हातात असतो?

हा मुद्दा आपल्याकडे जास्त लागू पडतो. घरात एकच अ‍ॅमेझॉन अकाउंट असतं, बाबांच्या नावावर. तुम्ही एक पुस्तक घेतलं की ऑर्डर हिस्ट्रीत नोंद, ईमेलवर पावती, बँकेच्या मेसेजमध्ये रक्कम, आणि पुढचे पंधरा दिवस होमस्क्रीनवर ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणून तसलीच पुस्तकं. ज्याने अजून घरी सांगितलेलं नाही, त्याच्यासाठी ही शिफारस म्हणजे चुगली आहे.

लायब्ररीतून घेतलेल्या पुस्तकाला पैसे लागत नाहीत, म्हणजे पैशाची खूणही राहत नाही. पण तिथेही डोळे उघडे ठेवा. अमेरिकेत लिबीवरचं पुस्तक किंडलवर पाठवता येतं, आणि तसं केलं की ते अ‍ॅमेझॉन अकाउंटमध्ये दिसतं. लिबीमध्येच वाचलं तर तसं होत नाही. एका बटणाचा फरक आहे!

स्वयंप्रकाशित पुस्तक लायब्ररीत पोचतं कसं?

मोठे प्रकाशक लायब्ररीला ई-बुक सहसा कायमचं विकत नाहीत, परवाना देतात. हा परवाना बऱ्याचदा दोन वर्षांनी संपतो. हार्परकॉलिन्सने २०११ मध्ये २६ वेळा वाचायला दिलं की परवाना संपेल अशी अट आणली होती. लहान लायब्ररीचं बजेट यातच जातं.

स्वयंप्रकाशित लेखक इथे उलट फायद्यात आहे. ड्राफ्ट-टू-डिजिटलसारख्या वितरकामार्फत तो ओव्हरड्राइव्हपर्यंत पोचू शकतो. लिबी ॲप याच कंपनीचं. लायब्ररीसाठीची किंमत लेखक स्वतः ठरवतो आणि ती कमीही ठेवू शकतो. म्हणजे कमी पैशाची लायब्ररी आणि कमी ओळखीचा लेखक यांची गाठ पडायला तांत्रिक अडचण फारशी उरलेली नाही.

अडचण येते ती करारात. किंडलवर पुस्तक टाकताना ‘केडीपी सिलेक्ट’ हा पर्याय येतो. तो घेतला की ९० दिवस ई-बुक इतर कुठेही देता येत नाही. भारतातल्या विक्रीवर ३५ ऐवजी ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर मात्र सिलेक्ट घ्यावंच लागतं. अनेक वर्षं या ‘इतर कुठेही’मध्ये लायब्रऱ्याही मोजल्या जायच्या. अशा अटी कंपन्या बदलत असतात, म्हणून टिक करण्याआधी अटींच्या पानावर ‘लायब्ररी’ हा शब्द शोधा आणि वाचा. दुप्पट रॉयल्टी ऐकून बरं वाटतं, पण बारा प्रतींची दुप्पट म्हणजे किती, हेही एकदा मांडून बघा.

लायब्ररी म्हणजे जादू नाही

दुसरी बाजूही सांगतो. डिजिटल लायब्ररी ज्या ॲपवर चालते ते ॲपसुद्धा कंपनीचंच असतं. ओव्हरड्राइव्ह २०२० पासून केकेआर या गुंतवणूक कंपनीच्या मालकीची आहे. उद्या तिथे धोरण बदललं तर? म्हणून क्वाट्रफॉइलसारखी कपाटं असलेली लायब्ररी मला जुनाट वाटत नाही. आमच्या भाषेत तो वेगळ्या जागी ठेवलेला बॅकअप आहे.

वर्गीकरणाची चूक लायब्रऱ्यांनीही केली आहे. ड्युई दशांश पद्धतीत १९३२ साली समलैंगिकता पहिल्यांदा आली ती मानसिक विकारांच्या खणात. ती तिथून हलायला अनेक दशकं गेली. फरक एवढाच की लायब्ररीचं वर्गीकरण उघड्यावर असतं. त्यावर भांडता येतं आणि पर्यायही बनवता येतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या इहलिया या संग्रहातून १९९७ मध्ये सुरू झालेली ‘होमोसॉरस’ ही शब्दसूची तसाच पर्याय आहे. एलजीबीटीक्यू विषयांना नेमका आणि अपमान न करणारा शब्द कुठला, हे ती सांगते, आणि आज कुणालाही ती वापरता येते. दुकानाच्या सर्चचा कोड मात्र आपण कधी बघू शकत नाही.

निवडीचा प्रश्नही आहेच. एआयने लिहिलेल्या पुस्तकांचा पूर आल्यावर किंडलने सप्टेंबर २०२३ मध्ये एका खात्यावरून दिवसाला तीनच नवी पुस्तकं अशी मर्यादा घातली. दिवसाला तीन! अशा गर्दीत चांगलं स्वयंप्रकाशित पुस्तक निवडायला वाचणारा माणूस लागतो, आणि स्वयंसेवकांकडे वेळ कमी असतो. त्यामुळे लायब्ररीने तुमचं पुस्तक नाकारलं तर लगेच अन्याय समजू नका.

मराठीत काय?

मराठीत हे काम प्लॅटफॉर्म येण्याआधीच सुरू झालं होतं. पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू करणारे बिंदुमाधव खिरे यांनी लैंगिकतेवर मराठीत कादंबरी, नाटक, माहितीपर पुस्तकं असं बरंच लिहिलं. मोठ्या प्रकाशकांची वाट न बघता, ३७७ कलम लागू असतानाच्या काळात. त्यांच्या कादंबरीचं नाव ‘पार्टनर’. आता अडचण बघा, वपुंच्या कादंबरीचं नावही ‘पार्टनर’! नुसतं नाव टाकून शोधणाऱ्याला कुठलं हवंय हे मशिनला कसं कळणार? लेखक आणि विषय हे रकाने नीट भरलेले असतील तरच.

दुसरी अडचण फॉन्टची. जुनी अनेक मराठी पुस्तकं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाईप झालेली आहेत. पीडीएफ डोळ्याला मराठी दिसते, पण त्यातलं वाक्य कॉपी केलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो. सर्चला तो कचराच दिसतो. म्हणजे कुणी न लपवताही पुस्तक लपलेलं राहतं. २०१६ च्या अखेरीस किंडलवर मराठी पुस्तकं आली, आता तर फोनवर टाईप केलेलं सगळं युनिकोडच असतं. नवीन लेखकांना हा त्रास नाही, पण जुनी पुस्तकं पुन्हा टाईप करून घ्यायला कुणीतरी बसायला हवं.

तुम्ही लिहीत असाल तर एवढं करा

१. विषयाचा कोड बघून निवडा. पुस्तक व्यवसायात वापरल्या जाणाऱ्या बिसॅक यादीत गे कथासाहित्य हा एक कोड आहे आणि इरॉटिका हा वेगळा कोड आहे. कथा प्रेमाची असेल तर पहिला. ‘प्रौढांसाठी’ची टिक लैंगिक वर्णनासाठी असते, नायक कोण आहे यासाठी नाही.

२. आयएसबीएन घ्या. भारतात तो राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून मोफत मिळतो, स्वयंप्रकाशित लेखकालाही. किंडल ई-बुकला जो एएसआयएन देतं तो फक्त अ‍ॅमेझॉनचा नंबर आहे, त्या दुकानाबाहेर त्याला अर्थ नाही.

३. मूळ फाईल आणि ईपब स्वतःकडे दोन ठिकाणी ठेवा. प्लॅटफॉर्म म्हणजे तिजोरी नव्हे.

४. छापील प्रत काढलीत तर १९५४ चा पुस्तक वितरण कायदा लक्षात ठेवा. त्यानुसार प्रकाशकाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यायची असते. कटकट समजू नका, तुमच्या पुस्तकाचा हा सगळ्यात पक्का बॅकअप आहे.

५. पहिल्या दिवसापासून एक प्रत समुदायाच्या लायब्ररीसाठी बाजूला ठेवा. ई-बुक असेल तर ‘वाचायला द्यायला परवानगी आहे’ असं लेखी द्या, नाहीतर भल्या माणसांनाही ते देता येत नाही.

आणि तुम्ही फक्त वाचक असाल, तर आवडलेलं पुस्तक अधूनमधून स्वतः सर्च करून बघा. नाव टाकल्यावर दिसत नसेल तर लेखकाला कळवा. त्याच्याकडे दुसरं कुणी कळवणारं नसतं.

माझ्या मित्राचं पुस्तक आता सर्चमध्ये येतं. पण त्याने त्यावर विसंबायचं सोडलंय. पुण्यात काही जणांनी मिळून एका फ्लॅटच्या हॉलमध्ये कपाट केलंय, चाळीस-पंचेचाळीस पुस्तकांचं. कॅटलॉग म्हणजे एक साधी शीट आहे, ती मी बनवून दिली. रकाने ठरवताना आम्ही बराच वेळ वाद घातला. शेवटी ‘प्रौढांसाठी’ हा रकाना ठेवलाच नाही. त्याऐवजी ‘हे पुस्तक कुणी सुचवलं आणि का’ असा ठेवला.

त्याच्या पुस्तकासमोर त्या रकान्यात एका मुलीने लिहिलंय, ‘लोकलमधली कथा वाचून दादाला फोन केला.’ दुकानाच्या डेटाबेसमध्ये हे कुठे भरणार, सांगा.